खिडकीबाहेरचा माजी विद्यार्थी

पदवी घेऊन बाहेर पडलेला माणूस आपल्या महाविद्यालयात पुन्हा पाऊल ठेवतो ते बहुतेक वेळा आठवणींसाठी नव्हे, कागदासाठी. कुणाला महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी असते, कुणाला परदेशी विद्यापीठाकडे पाठवायच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्यावर, सही-शिक्का हवा असतो, कुणाला जातपडताळणीसाठी वडिलांच्या नोंदीचा जनरल रजिस्टरातला उतारा हवा असतो, तर कुणाच्या नव्या कंपनीने पदवी खरी आहे का, एवढेच विचारलेले असते. ही कामे कार्यालयाच्या खिडकीवर होतात आणि आपल्या संस्थेला आपण आठवतो की नाही, हे त्या खिडकीवर पहिल्या पाच मिनिटांत कळते.

मला असाच एक कागद हवा होता. पहिल्या खेपेला संबंधित लिपिक रजेवर होते, दुसऱ्या खेपेला शुल्काचे चलन बँकेत भरून यायला सांगितले गेले, तिसऱ्या खेपेला जुनी रजिस्टरे माळ्यावर आहेत आणि ती काढायला शिपाई मोकळा नाही, असे उत्तर मिळाले. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर त्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी मेळाव्याचे निमंत्रण येऊन पडले. त्यात ‘मातृसंस्थेचे ऋण’ हे शब्द होते आणि खाली देणगीसाठी क्यूआर कोड होता. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या कार्यालयात मंजूर पदांपैकी किती भरलेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. एकाच इमारतीतील एका टेबलाला मी हवा होतो आणि दुसऱ्या टेबलाला मी अडचण होतो, या विसंगतीवरून मात्र आपल्याकडील माजी विद्यार्थी संपर्काच्या सगळ्या व्यवहाराकडे पाहावेसे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न असलेल्या बहुसंख्य महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांकडे देणगीदार आणि सत्कारमूर्ती या दोनच रूपांत पाहण्याची सवय लावून घेतली आहे, आणि त्यामुळे ज्यांच्याकडून सर्वांत जास्त मिळू शकते, ते सामान्य माजी विद्यार्थी या व्यवहाराच्या बाहेर राहिले आहेत. पतसंस्थेत रोखपाल असलेला, एसटीत वाहक असलेला, तालुक्याच्या बाजारपेठेत मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालवणारा, स्पर्धा परीक्षेच्या चार फेऱ्या करून शेवटी शेतीकडे वळलेला, असा माणूस मेळाव्याच्या व्यासपीठावर कधी दिसत नाही. पण पदवीनंतरची पाच वर्षे कशी जातात, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

ही सवय लागण्यामागे मोठ्या संस्थांचे अर्धवट समजलेले उदाहरण आहे. जून २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. १९७३ साली त्यांनी तिथे प्रवेश घेतला, त्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, आणि आधीच्या ८५ कोटींसह त्यांचे एकूण योगदान ४०० कोटींवर गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस १९९८ साली बाहेर पडलेल्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटींचा संकल्प केला. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या जुन्या ‘यूडीसीटी’चीही माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने अध्यासने, म्हणजे देणगीतून चालणारी प्राध्यापकपदे, उभी करण्याची परंपरा आहे. अशा बातम्या वाचून तालुक्याच्या ठिकाणचे संस्थाचालक प्राचार्यांना विचारतात, ‘आपले माजी विद्यार्थी काय देतात?’ पण पवईत, म्हणजे आयआयटी मुंबईत, त्या देणग्यांमागे सरकारी खर्चाने मिळालेले जवळजवळ मोफत शिक्षण होते, वसतिगृहात एकत्र काढलेली चार-पाच वर्षे होती, जगभर पसरलेले उच्च उत्पन्नाचे पदवीधर होते आणि वर्षाचे बारा महिने हेच काम करणारे स्वतंत्र कार्यालय होते. आपल्याकडच्या महाविद्यालयांनी त्यातली देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी तेवढी उचलली. कार्यालय उचलले नाही.

‘ऋण’ या शब्दाकडेही नीट पाहिले पाहिजे. अनुदानित महाविद्यालयात नाममात्र शुल्कात शिकलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते ऋण मनापासून वाटते, यात शंका नाही. पण १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केल्यानंतर उच्च शिक्षणाचा मोठा भाग पालकांच्या खिशातून उभा राहिला. शेताचा तुकडा विकून किंवा शैक्षणिक कर्ज काढून ज्याने पदवी घेतली, त्याने आपल्या शिक्षणाची किंमत आधीच मोजलेली असते. त्याच्यापुढे ऋणाची भाषा बोलणाऱ्या संस्थेला त्याच्या मनात प्रेम तर निर्माण करता येत नाहीच, उलट हिशेब मात्र जागा होतो.

दुसरे कारण नॅक, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून त्यांना दर्जा देणारी राष्ट्रीय परिषद. मूल्यांकनाच्या आतापर्यंतच्या चौकटीत पाचव्या निकषाखाली माजी विद्यार्थी सहभाग हा स्वतंत्र मुद्दा होता आणि एक हजारांपैकी दहा गुण त्याला होते. त्यात नोंदणीकृत संघ आहे का आणि माजी विद्यार्थ्यांकडून किती लाख आले, हे विचारले जाई. शिवाय पहिल्या निकषात अभ्यासक्रमावरील अभिप्राय ज्यांच्याकडून घ्यायचा, त्यांतही माजी विद्यार्थी होते. हे प्रश्न मुळात चुकीचे नव्हते. त्यांच्यामुळे कित्येक महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघ नावाची गोष्ट प्रथमच अस्तित्वात आली, हे मान्य केले पाहिजे. पण दहा गुणांसाठी जेवढे लागते तेवढेच झाले. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली, एका प्राध्यापकाकडे समन्वयकपद आले, वर्षातून एक मेळावा झाला, त्याचे फोटो, उपस्थितीपत्रक, इतिवृत्त आणि वर्तमानपत्रातील कात्रण फाइलला लागले, आणि नॅकची समिती येऊन गेली की ती फाइल कपाटात गेली. अभिप्रायाचा गुगल फॉर्म दरवर्षी फिरतो. त्यात ‘अभ्यासक्रम उपयुक्त होता का?’ या प्रश्नाला ‘उत्तम, चांगला, बरा’ असे पर्याय असतात. ज्याला तीन वर्षांच्या वाणिज्य पदवीनंतर जीएसटीचे विवरणपत्र कसे भरतात, हे पहिल्यांदा नोकरीवर गेल्यावर कळले, त्याने यांपैकी कुठे खूण करायची?

आता उलट बाजू पाहू. संस्थेने बोलावले नाही तरी माजी विद्यार्थी भेटतातच. व्हॉट्सॲप आल्यापासून दहावीच्या तुकड्यांचे स्नेहमेळावे गावोगाव इतके झाले की, दिवाळीनंतरच्या सुट्टीत तालुक्यातील मंगल कार्यालये त्यांनी भरलेली असतात. कुणी निवृत्त शिक्षकांना शोधून काढते, कुणी वर्गातील वारलेल्या मित्राच्या मुलीची फी भरते, कुणी जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेला रंग देते, पाण्याची टाकी किंवा टीव्ही देते. हे सगळे कुठल्याही समन्वयकाविना होते. (त्या मेळाव्यांतील भाषणे फार लांबतात, ही वेगळी गोष्ट.) म्हणजे आपुलकीचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो त्या आपुलकीला संस्थेत शिरायला दार असण्याचा.

ते दार कसे तयार होते, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. पुण्यातील विद्यार्थी सहाय्यक समिती डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये सुरू झाली आणि ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी तिने वसतिगृहे चालवली. तिथे राहून गेलेल्यांचे माजी विद्यार्थी मंडळ समितीच्या कामात आजही हात लावते. साताऱ्यात १९४७ साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ योजना राबवली. तिथल्या मुलाने आपल्या शिक्षणासाठी स्वतःचे श्रम घातलेले असत. त्याआधीच्या पिढीत पुण्यात वारावर जेवून आणि माधुकरी मागून शिकलेली मुले होती. या सर्वांत समान धागा असा की, आपण शिकलो ते कुणाच्या धान्यावर, कुणाच्या घामावर आणि आपल्या कोणत्या कामावर, हे विद्यार्थ्याला तिथे असतानाच माहीत होते. नाते शिक्षण संपल्यावर जोडायला घेतलेले नव्हते. आजच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला ग्रंथालयाचे बजेट किती, प्रयोगशाळेचा खर्च कोण करतो, विद्यार्थी सहाय्य निधीतून गेल्या वर्षी किती जणांची फी भरली गेली, यांतले काहीही सांगितले जात नाही. मग बाहेर पडल्यावर तो कशाचा वाटेकरी होणार? म्हणून माजी विद्यार्थी कार्यक्रमाची सुरुवात प्रथम वर्षाच्या वर्गापासून व्हायला हवी, हे माझे पहिले मागणे आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलाला दहा वर्षांपूर्वीच्या दोन-तीन पदवीधरांशी बसून बोलायला मिळाले आणि त्याने पुढे आपल्या मागच्यांसाठी तेच केले, तर त्या साखळीला वेगळ्या संघाची गरजही फारशी उरत नाही.

दुसरा प्रश्न नोंदीचा आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा खोल आहे. महाविद्यालयाकडे माजी विद्यार्थ्यांची यादी असते ती पत्त्यांची, आणि तो पत्ता प्रवेश अर्जावरचा असतो. भाड्याची खोली सुटते, सिमकार्ड बदलते. पण सर्वांत मोठी गळती मुलींची होते. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, अनेक घरांत नावही बदलते, आणि जनरल रजिस्टरात मात्र ती माहेरच्या नावानेच राहते. निम्म्या वर्गाचा माग असा एका लग्नसराईत पुसला जातो, आणि मेळाव्याच्या उपस्थितीपत्रकावर पुरुषांचीच नावे का दिसतात, याचे उत्तर कुणी शोधत नाही. उपाय अगदी साधे आहेत : नोंदणीच्या अर्जात माहेरचे नाव आणि आजचे नाव असे दोन रकाने असावेत, रविवारी सकाळी दहा ते पाच हा एकच मुहूर्त धरून बसू नये, आणि संपर्कासाठी प्रत्येक तुकडीतील एका मैत्रिणीवर विसंबावे, कारण जिचा नंबर महाविद्यालयाकडे नाही तो तिच्याकडे नक्की असतो. या यादीची राखणही करावी लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व संमतीचे आहे; मेळाव्यासाठी दिलेला क्रमांक उद्या निवडणूक प्रचाराच्या किंवा विमा एजंटाच्या गटात दिसला, तर माणूस संस्थेवरच रागावतो आणि त्याचे बरोबर असते.

यादीत कोण बसतो, हाही नोंदीचाच भाग आहे. अनेक संघांच्या घटनेत माजी विद्यार्थी म्हणजे पदवीधर असाच अर्थ आहे. दुसऱ्या वर्षी फी भरता आली नाही म्हणून गेलेला, एटीकेटीत अडकून सोडून दिलेला, परीक्षेच्या आधी लग्न ठरलेली, हे कुणाचे विद्यार्थी? संस्थेत काय चुकते, हे यशस्वी उद्योजकाच्या भाषणातून कळणार नाही. ते या सोडून गेलेल्यांना विचारले तर कळेल. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर कुठल्या टप्प्यावर अडकली आणि त्यामुळे कुणाचे वर्ष गेले, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

माजी विद्यार्थ्यांकडून मागायचे काय, याचे उत्तर आज नव्या अभ्यासक्रमाने आयते हाती दिले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने श्रेयांकांची (क्रेडिट्सची) जी रचना लावली, तीत क्षेत्र प्रकल्प, समाजकार्य सहभाग आणि ऑन द जॉब ट्रेनिंग, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात, यांना अभ्यासक्रमातच स्थान मिळाले. ओजेटीचे चार श्रेयांक आहेत. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांना कंपन्या मिळतील. पण जिथे औद्योगिक वसाहतीत निम्मे गाळे बंद आहेत, अशा तालुक्यातील कला शाखेच्या शंभर मुलांनी काम शिकायला कुठे जायचे? प्राध्यापक मंडळी सध्या हा प्रश्न ओळखीपाळखीने सोडवत आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी तो प्रमाणपत्रावरच्या शिक्क्याने सुटतो, हेही उघड गुपित आहे. त्याच तालुक्यात माजी विद्यार्थ्यांची सनदी लेखापालाची कचेरी आहे, पतसंस्था आहे, रोपवाटिका आहे, छापखाना आहे, दूध संकलन केंद्र आहे, वकिलाचे कार्यालय आहे, ग्रामपंचायतीत ग्रामसेवक आहे. यांतल्या प्रत्येकाने वर्षाला दोन विद्यार्थ्यांना खरे काम शिकवण्याचे कबूल केले, तर त्याची किंमत कुठल्याही क्यूआर कोडवर जमा होणाऱ्या रकमेपेक्षा मोठी आहे. मात्र हे मागताना त्या गॅरेजवाल्याला किंवा छापखानेवाल्याला महाविद्यालयाने बरोबरीच्या मार्गदर्शकाची वागणूक दिली पाहिजे. विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात त्याचे मत धरले जावे, त्याचे नाव माहितीपत्रकात छापले जावे, आणि व्यासपीठावर बसायची वेळ आली तर तिथे त्यालाही खुर्ची असावी.

खुर्चीवरून अधिकाराचा प्रश्न येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक सदस्य असतात, आणि त्यांतला किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. कायद्याने दार ठेवले आहे. पण त्या सदस्याची निवड व्यवस्थापन प्राचार्यांशी विचारविनिमय करून करते. साहजिकच अनेक ठिकाणी ती जागा संस्थाचालकांच्या मर्जीतल्या, कधी त्यांच्याच नात्यातल्या माणसाकडे जाते आणि बैठकीत तो कुणाचे म्हणणे मांडतो, हे सदस्यालाही सांगता येणार नाही. व्यवस्थापनाने आपला अधिकार न सोडताही एवढे करता येईल की, माजी विद्यार्थी संघाने सर्वसाधारण सभेत निवडलेल्या तीन नावांतून एक घ्यायचे आणि त्या सदस्याने वर्षातून एकदा संघापुढे येऊन समितीत काय मांडले, हे सांगायचे. विद्यापीठ पातळीवर अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य थेट निवडून जातात, ही तर माजी विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी वैधानिक ताकद. तिची अवस्था पाहा. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली तेव्हा मतदारयादीत तेरा-साडेतेरा हजारांच्या आसपास नावे होती. दीडशेहून अधिक वर्षे पदव्या देणाऱ्या आणि लाखो पदवीधर हयात असलेल्या विद्यापीठाची ही यादी! निवडणूक मग राजकीय पक्षांच्या विद्यार्थी आणि युवक संघटनांमध्ये होते, याचा दोष त्या संघटनांना देऊन भागत नाही. नोंदणी त्यांनीच केली, विद्यापीठाने पदवीदान समारंभाच्या दिवशी प्रत्येक पदवीधराच्या हातात नोंदणीचा अर्ज ठेवला असता तर चित्र वेगळे असते.

पैशाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण विश्वास असला की तो येतो. दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. संघाचा हिशेब संघाचा असावा. संस्थेच्या खात्यात मिसळू नये, आणि लेखापरीक्षणाचा अहवाल सभासदांना न मागता मिळावा. विश्वस्त बदलल्यानंतर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल न केल्यामुळे वर्षानुवर्षे जुन्याच पदाधिकाऱ्यांच्या नावावर राहिलेले कितीतरी संघ आहेत. अशा संघाला बँकेत साधी सही बदलणेही जड जाते. आणि परदेशातल्या मराठी माणसांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी विदेशी योगदान नियमन कायदा आधी वाचावा. भारताचे नागरिकत्व कायम असलेला माणूस परदेशातून आपल्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवू शकतो. पण ज्याने अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी योगदान ठरते, आणि ती घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. उत्साहाच्या भरात घेतलेली अशी एक देणगी संघाला वर्षभर पत्रव्यवहारात गुंतवून ठेवू शकते.

हे सगळे करणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. मंजूर पदे रिक्त असताना, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तुटपुंज्या मानधनावर तीन-तीन महाविद्यालयांत धावत असताना, समन्वयकपदाची आणखी एक टोपी कुणाच्या डोक्यावर घालायची? म्हणूनच मला वाटते, मेळाव्याच्या मंडपावर, स्मृतिचिन्हांवर आणि जेवणावळीवर होणारा खर्च दोन वर्षे थांबवून त्या पैशातून एक माणूस अर्धवेळ नेमावा. शक्य असल्यास तो माजी विद्यार्थीच असावा, आणि त्याचे टेबल प्राचार्यांच्या दालनाशेजारी नव्हे, तर कार्यालयाच्या खिडकीशी असावे. दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी, पडताळणीसाठी येणाऱ्या प्रत्येकाचे काम त्याने मार्गी लावायचे, अर्ज केव्हा पूर्ण होईल ती तारीख लिहून द्यायची, परगावच्या माणसाचा कागद टपालाने पाठवायचा, आणि हे करता करता दोनच प्रश्न विचारायचे : सध्या काय करता, आणि इथे शिकताना काय मिळायला हवे होते जे मिळाले नाही. उत्तरे एका वहीत उतरवायची आणि दर सत्राच्या सुरुवातीला ती वही विकास समितीच्या बैठकीत ठेवायची. माळ्यावरची रजिस्टरे खाली आणून स्कॅन करणे, हे त्याचे पहिल्या वर्षाचे काम.